रांग कुठे गेली?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांसमोर उजाडायच्या आत रांगा लागत. म्हातारी माणसं पिशवी नाहीतर चप्पल ठेवून नंबर धरत, टोकनावरून बाचाबाची होई, आणि दुपार व्हायच्या आधीच ‘आज लस शिल्लक नाही’ असा कागद दारावर चिकटे. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्याच केंद्रांच्या फ्रिजमध्ये लस पडून होती आणि आशाताई हातात यादी घेऊन वाडी-वस्तीवर माणसं शोधत हिंडत होत्या. लस तीच, गाव तेच, माणसंही तीच. मग सहा महिन्यांत असं काय घडलं?

‘लोक बेफिकीर झाले’ हे उत्तर तेव्हा सरकारी बैठकांपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू यायचं. आदिवासी पट्ट्याचा विषय निघाला की ‘अडाणीपणा’ हा शब्दही यायचा. मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात. ज्या जिल्ह्यात मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोविशील्ड तयार होत होती, त्याच जिल्ह्यातली ही माणसं होती. पोलिओचे थेंब ती वर्षानुवर्षं मुलांना पाजत आलेली होती. लस म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोस लांबवला, टाळला किंवा नाकारला, त्यामागे एक हिशेब होता. तो हिशेब काही ठिकाणी चुकला, पण तो समजून घेतल्याशिवाय रांग का आटली ते कळणार नाही.

आधी लस नव्हती

सुरुवातीचे महिने आठवून पाहू. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. १ मार्चला साठीच्या पुढचे, १ एप्रिलला पंचेचाळिशीच्या पुढचे आणि १ मेपासून अठरा वर्षांपुढचे सगळे, असा दरवाजा टप्प्याटप्प्याने उघडत गेला. मागणी मात्र त्याच वेळी दुसऱ्या लाटेमुळे एकदम उसळली. लस कमी आणि मागणारे अनेक. अखेर १२ मे रोजी राज्य सरकारला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण काही काळ थांबवावं लागलं, कारण आधी पहिला डोस घेतलेल्या वडीलधाऱ्यांचा दुसरा डोस अडला होता.

त्यात तरुणांसाठी नोंदणी फक्त ऑनलाइन. कोविन या सरकारी संकेतस्थळावर स्लॉट उघडले की दोन-तीन मिनिटांत संपत. ज्याचं इंटरनेट वेगवान त्याला स्लॉट मिळे, आणि वेगवान इंटरनेट पुण्या-मुंबईत होतं. शहरातली माणसं गाडी काढून ग्रामीण केंद्रांवर डोस घ्यायला येऊ लागली आणि गावातला माणूस आपल्याच गावच्या केंद्राबाहेर उभा राहून बघत राहिला. शहरातल्यांनाही जीव होताच, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण आहुपे किंवा घाटघरसारख्या गावात, जिथे मोबाइलला रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं, तिथल्या तरुणाने या व्यवस्थेतून काय अर्थ काढला असेल? ‘ही सोय आपल्यासाठी नाही’ असं एकदा मनात बसलं, की पुढे सोय दारात आली तरी ते सहज निघत नाही.

दुसरा धक्का दोन डोसांमधल्या अंतराचा. कोविशील्डचा दुसरा डोस आधी चार आठवड्यांनी होता. मार्च २०२१ मध्ये तो सहा ते आठ आठवड्यांवर गेला आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवड्यांवर. टंचाई चालू असतानाच अंतर वाढल्यामुळे ‘लस नाही म्हणून तारीख पुढे ढकलली’ असाच समज झाला. प्रत्यक्षात अंतर वाढवण्याला शास्त्रीय आधार होता. पहिला डोस मिळाल्यावर शरीरातल्या काही पांढऱ्या पेशी त्या विषाणूची ओळख पक्की करण्याच्या कामाला लागतात. हे काम लसिकाग्रंथींमध्ये, म्हणजे काखेत आणि मानेत ज्या गाठी असतात त्यांत, कित्येक आठवडे चालतं. या काळात कच्ची ओळख असलेल्या पेशी मागे पडतात आणि पक्की ओळख असलेल्या टिकतात. ते काम पुरतं झाल्यावर दुसरा डोस आला तर प्रतिसाद जास्त जोरकस मिळतो. शिवाय कोविशील्डमध्ये करोनाच्या जनुकाचा एक तुकडा दुसऱ्या एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून शरीरात पोचवला जातो. डोस फार लवकर दिला तर शरीर त्या वाहक विषाणूलाच अडवायची शक्यता असते. हे सगळं साध्या मराठीत, गावच्या दवंडीत सांगता आलं असतं. सांगितलं गेलं ते फक्त नवी तारीख.

आणि बारा आठवडे, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस, हा काळ थोडा नाही. मे महिन्यात पहिला डोस घेतलेल्या माणसाचा दुसरा डोस ऑगस्टमध्ये आला. मधल्या काळात भाताची आवणी होऊन गेली होती, दुसरी लाट ओसरली होती, आणि डोसाची चिठ्ठी घरातल्या पत्र्याच्या पेटीत तळाला गेली होती.

शेवटचे तोडे

लसीकरण मंदावण्यामागे एक कारण असं आहे की त्यात कुणाचीच चूक नसते. नारायणगाव परिसरात टोमॅटो करणाऱ्या कुणालाही ते पटेल. पहिल्या काही तोड्यांना तेवढ्याच मजुरांत क्रेटमागून क्रेट भरतात. पुढे प्लॉट उतरणीला लागला की एक क्रेट भरायला अख्खं रान पालथं घालावं लागतं. मजुरी तीच, वेळ तोच, माल थोडा. लसीकरणाचंही तसंच असतं. ज्यांना लस हवी होती, ज्यांच्याकडे गाडी होती, ज्यांना सुट्टी मिळत होती, ते पहिल्या महिन्यांत स्वतःहून आले. मागे उरले ते लांबच्या वाडीतले, अंथरुणाला खिळलेले, रोजंदारीवरचे, आजारपणामुळे साशंक असलेले आणि काही थोडे ठाम विरोधक. यांतल्या एकेका माणसामागे कर्मचाऱ्याचा अर्धा दिवस जाऊ शकतो.

तक्त्यावर मात्र दिसतं ते एवढंच, की काल शंभर डोस झाले आणि आज बारा. मग वरून विचारणा होते, खाली दबाव येतो, आणि बारा डोस देण्यासाठी दुप्पट चाललेल्या आरोग्यसेविकेला ‘काम थंडावलं’ असं ऐकून घ्यावं लागतं. मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात आकडा घसरतो तेव्हा कष्ट वाढलेले असतात. आकडेवारी पाहणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवायला हवं.

आता ‘मागे उरलेले’ म्हणजे नेमके कोण? दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत आहे. डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या वरच्या अंगाला महादेव कोळी समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात भात, उन्हाळ्याच्या तोंडाला हिरडा, आणि उरलेल्या काळात पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यात मजुरी, असं इथलं वर्ष असतं. द्राक्षं, कांदा, टोमॅटो यांच्या कामाला माणसं पहाटे जीपमधून खाली उतरतात आणि अंधार पडता परततात. लसीकरणाचं सत्र सकाळी दहा ते दुपारी चार. या वेळात वाडीत उरतात म्हातारे आणि लेकरं. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणजे एका डोसाची किंमत दोन-तीन खाडे. लस फुकट होती हे खरं, पण बुडालेला रोज कुणी भरून देणार नव्हतं.

दहाची बाटली

आणखी एक अडचण इतकी बारीक आहे की बाहेरच्या माणसाच्या लक्षातही येत नाही. कोविशील्डच्या एका बाटलीत, म्हणजे व्हायलमध्ये, दहा डोस असतात. बाटली एकदा उघडली की चार तासांत वापरून संपवायची, उरलेली टाकून द्यायची. लस वाया गेली तर केंद्राला जाब द्यावा लागे, म्हणून दहा माणसं जमेपर्यंत बाटली उघडायची नाही असा शिरस्ता पडला.

रांग होती तोवर यात काहीच अडचण नव्हती. रांग आटल्यावर हाच नियम उलटला. सहा जण आले, तास-दीड तास बसले, ‘दहा झाले की देऊ’ असं ऐकून तिघे उठून गेले. उरलेल्या तिघांनाही मग उद्या या म्हणून सांगावं लागलं. ते गावात जाऊन सांगणार, ‘जाऊ नका, परत पाठवतात.’ दुसऱ्या दिवशी चारच येणार. म्हणजे माणसं कमी म्हणून बाटली उघडत नाही, आणि बाटली उघडत नाही म्हणून माणसं आणखी कमी होतात.

हा चार तासांचा नियम मात्र मनमानी नाही. त्यामागचा धडा फार जुना आणि फार महागात मिळालेला आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात ही लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. दोष हाफकिन यांच्या माथी मारला गेला आणि त्यांचं काम गेलं. दोष प्रयोगशाळेतला नसून गावात बाटली उघडताना जंतू शिरले असावेत, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. उघड्या बाटलीत जंतू शिरू शकतात. कोविशील्डमध्ये जंतूंना रोखणारं टिकाऊ द्रव्य घातलेलं नसतं, म्हणून घड्याळ लावून बाटली संपवायची. नियम बरोबर होता. त्याच्या जोडीला ‘तीन माणसं आली तरी बाटली उघडा, नासाडी झाली तर विचारणार नाही’ असा खुलासा प्रत्येक उपकेंद्रावर वेळेत पोचायला हवा होता.

भीती ओसरली की

माणूस धोका मोजतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून. एप्रिल २०२१ मध्ये धोका दारात उभा होता. ऑक्सिजनची खाट मिळत नव्हती, आठवड्याला गावात दोन-तीन तिरड्या उठत होत्या. तेव्हा लसीच्या तापाची कुणाला पर्वा नव्हती. डिसेंबरात गाव शांत होतं. आता तराजूच्या एका बाजूला न दिसणारा करोना आणि दुसऱ्या बाजूला नक्की येणारा ताप. पारडं कुठे झुकणार हे उघड आहे.

यातली खरी मेख अशी की लसीचं यश दिसतच नाही. लस घेतल्यामुळे जी आजी रुग्णालयात गेली नाही, तिची बातमी होत नाही. तिलाही ते कळत नाही. तिला एवढंच आठवतं की सुई टोचल्यावर दोन रात्री अंग ठणकलं. टळलेलं संकट कुणाच्या नजरेस पडत नाही आणि झालेला त्रास मात्र घरभर सांगितला जातो.

तिसऱ्या डोसाच्या वेळी हे सगळं एकवटलं. १० एप्रिल २०२२ पासून १८ ते ५९ वयाच्या लोकांना ‘खबरदारीची मात्रा’ खुली झाली, पण खासगी केंद्रांत, पैसे मोजून. तालुक्याच्या पश्चिम टोकाला खासगी केंद्र कुठून आणायचं? १५ जुलैपासून ७५ दिवसांसाठी ती सरकारी केंद्रांत मोफत झाली, तोवर उत्साह निघून गेला होता. देशाचे आकडे बोलके आहेत. पहिला डोस सुमारे १०२ कोटी, दुसरा सुमारे ९५ कोटी, आणि खबरदारीचा डोस २३ कोटींच्याही आत. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत गळती थोडी आहे. तिसऱ्यापाशी मात्र बहुतेक जण थांबले.

‘लस घेतलेलेही आजारी पडतातच की’

हा प्रश्न त्या काळात प्रत्येक पारावर विचारला गेला, आणि तो रास्त आहे. आरंभी लसीचं वर्णन ‘करोनापासून संरक्षण’ असं ढोबळ केलं गेलं. लोकांनी त्याचा अर्थ ‘आता करोना होणारच नाही’ असा घेतला. रक्तातली प्रतिद्रव्यं, म्हणजे विषाणूला दारातच अडवणारे घटक, काही महिन्यांत कमी होतात. त्यामुळे संसर्ग पुन्हा होऊ शकतो. पण विषाणूची ओळख राखणाऱ्या पेशी मागे राहतात आणि आजार फुफ्फुसापर्यंत पोचण्याआधी कामाला लागतात. म्हणून लस घेतलेल्याला सर्दी-ताप येतो, पण ऑक्सिजन लागण्याची वेळ बहुधा येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला. जुन्नर तालुक्यातही दुबईहून परतलेल्या प्रवाशांमध्ये तो सापडला. जानेवारीत घरोघरी माणसं आजारी पडली, तरी रुग्णालयांत एप्रिलसारखी पळापळ झाली नाही. पाहणाऱ्याला यातून दोन निष्कर्ष काढता येत होते: लसीने वाचवलं, किंवा लसीचा उपयोग नव्हता. दुसरा निष्कर्ष जास्त पसरला.

┌─────────────────────────────

चौकट : हजार माणसांचं गाव

समजा एका गावात हजार प्रौढ माणसं आहेत. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी घेतली नाही. लाट आली. लस न घेतलेल्यांपैकी शंभरात १० जणांना रुग्णालयात जावं लागतं आणि लस घेतलेल्यांपैकी शंभरात फक्त १ जणाला, असं धरू.

मग लस न घेतलेले १० आणि लस घेतलेले ९ असे १९ जण दाखल होतील. वॉर्डात डोकावणारा म्हणेल, ‘जवळपास निम्मे लस घेतलेलेच आहेत, मग फायदा काय?’ त्याने पाहिलेलं खरं आहे, पण हिशेब अपुरा आहे. ते ९ जण ९०० मधले आहेत आणि ते १० जण फक्त १०० मधले. गावात कुणीच लस घेतली नसती तर दाखल झालेले १०० असते. सगळ्यांनी घेतली असती तर १०.

हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. रीत मात्र कुठल्याही लसीला आणि कुठल्याही गावाला लागू पडते.

└─────────────────────────────

‘लस घेतली आणि चार दिवसांत गेले’ ही दुसरी गोष्ट. तिचाही हिशेब करून पाहता येतो. समजा एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत साठीपुढची पाच हजार माणसं आहेत आणि वर्षाला त्यांच्यातल्या शंभरात चार जणांचा वार्धक्याने, हृदयविकाराने किंवा अन्य कारणाने मृत्यू होतो. म्हणजे वर्षाला दोनशे, आठवड्याला सुमारे चार. आता या सगळ्यांना लस दिली आणि लसीने काहीच अपाय झाला नाही असं धरलं, तरी लस घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात चार-एक मृत्यू होणारच. ज्या घरात तो मृत्यू झाला त्या घराला हा हिशेब सांगून समाधान मिळणार नाही, आणि तिथे तो सांगूही नये. तिथे आधी जाऊन बसायला हवं, ऐकून घ्यायला हवं. पण गावाला मात्र हे आधीच समजावून ठेवता येतं.

याचा अर्थ लसीचे दुष्परिणाम काल्पनिक होते असा नाही. कोविशील्डसारख्या लसींमुळे फार विरळा प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होतात हे सिद्ध झालेलं आहे. मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने भारतातलं हे प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ असल्याचं जाहीर केलं होतं. पण ते जाहीर झालं इंग्रजी पत्रकातून. २०२४ मध्ये हीच लस विकसित करणाऱ्या अॅस्ट्राझेनेका कंपनीच्या ब्रिटनमधल्या खटल्याच्या बातम्या मोबाइलवर आल्या तेव्हा लोकांना ते प्रथमच कळल्यासारखं वाटलं आणि ‘आमच्यापासून लपवलं’ अशी भावना झाली. धोका छोटा असला तरी तो आधी, आपल्या भाषेत, आपल्या माणसाकडून कळला पाहिजे. नंतर बाहेरून कळलेला छोटा धोकाही फार मोठा वाटतो.

तीन पाडवे

आता नियमांकडे वळू, कारण लशीवरची नाराजी पुष्कळदा लशीवर नव्हतीच. ती नियमांवरची होती आणि लसही त्याच सरकारकडून येत होती.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात आणि सुपाऱ्या ठरतात. कलावंतांच्या वर्षभराच्या पोटापाण्याचा मोठा हिस्सा या काही दिवसांवर असतो. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला. त्याच संध्याकाळी राज्यात कडक निर्बंधांची घोषणा झाली आणि दुसऱ्या रात्रीपासून ते लागू झाले. निर्बंध पूर्णपणे उठले १ एप्रिल २०२२ ला, आणि पाडवा होता २ एप्रिलला. दोन हंगाम पुरते बुडाले आणि तिसऱ्याची तयारी करायला वेळच उरला नाही. ओझर, लेण्याद्री आणि भीमाशंकरची मंदिरं बंद होती तेव्हा फुलवाले, हॉटेलवाले, रिक्षावाले घरी बसले होते. शेतमाल विकायला बंदी नव्हती, पण शहरातली हॉटेलं आणि लग्नं बंद म्हटल्यावर माल घेणार कोण?

हा वैताग वाढवायला नियमांची रचनाही कारणीभूत झाली. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले. शंभर चाचण्यांमागे किती बाधित सापडतात आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या आहेत, यावर स्तर ठरे. कल्पना चांगली होती. पण मोजण्याचं एकक होतं महापालिका सोडून उरलेला अख्खा जिल्हा. त्यामुळे भीमाशंकरच्या जंगलातली, महिनाभर एकही रुग्ण नसलेली वाडी आणि गर्दीचं बाजारगाव एकाच कुलुपाखाली. ऑगस्टमध्ये पुणे शहरातली दुकानं रात्रीपर्यंत उघडली आणि ग्रामीण भागात ती दुपारीच बंद होत राहिली. मंचरच्या किंवा ओतूरच्या दुकानदाराने चिडू नये तर काय करावं?

मोजणीतही एक खाच होती. पॉझिटिव्ह निघालो तर घर सील होईल, गावात बोभाटा होईल, मजुरी जाईल, या भीतीने लोक चाचणी टाळू लागले. चाचणीला येत ते फक्त खूप आजारी असलेले. साहजिकच शंभरात बाधित जास्त निघत आणि टक्केवारी चढलेली राही. टक्केवारी चढली की निर्बंध लांबत, निर्बंध लांबले की चाचणीची भीती वाढे. नियम पाळायला लावणारी भीतीच नियम उठवण्याच्या आड येत होती.

आणि मग लांडेवाडी. बैलगाडा शर्यत हा या दोन तालुक्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. अनेक वर्षांच्या बंदीनंतर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली. आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीत १ जानेवारी २०२२ ला शर्यत ठरली, बैल सजले, आणि ओमायक्रॉनच्या निर्बंधांमुळे परवानगी ऐनवेळी रद्द झाली. शर्यत अखेर फेब्रुवारीत झाली. हजारोंची गर्दी रोखणं त्या क्षणी योग्यच होतं असं माझं मत आहे. पण बैलगाडा मालकाच्या बाजूने पाहा. राजकीय सभा त्याच सुमारास होत होत्या, लग्नांत गर्दी होती, आणि बंदी आली ती आपल्यावर. नियम कडक असला तरी माणूस तो सोसतो. तो सगळ्यांना सारखा लागू होत नाही असं दिसलं की मात्र मन उठतं. एकदा एका नियमावरून मन उठलं की मास्क, चाचणी, लस हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून बाजूला ठेवलं जातं.

पुण्याला हे नवं नव्हतं

मार्च २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा. अवघ्या चार कलमांचा हा कायदा प्लेग आवरण्यासाठी घाईने केलेला होता. त्याच्या आधारे पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांनी सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या. सोवळ्याओवळ्याची, बायाबापड्यांच्या आब्रूची पर्वा न करता माणसं घराबाहेर काढली गेली, सामान जाळलं गेलं. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

त्या काळातही लोक रुग्ण लपवत, प्रेतं गुपचूप पुरत. आजार लपवला की साथ वाढते, आणि साथ वाढली की झडती आणखी कडक होते. पुढच्या काही वर्षांत सरकारला हे उमगलं, जबरदस्ती सैल झाली आणि स्थानिक लोकांना हाताशी धरून काम होऊ लागलं. त्याच काळात त्याच शहरात दोन माणसं साथीशी लढत होती. एकाच्या मागे सैनिक होते, एकीने रुग्णाला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं. लोकांनी कुणाचं नाव कसं लक्षात ठेवलं हे सांगायला नको.

सक्ती की सोबत

२०२१ च्या अखेरीस सक्तीचे प्रयोग पुन्हा झाले. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, लस नसेल तर पेट्रोल आणि रेशन मिळणार नाही असे आदेश निघाले. अशा आदेशांनी केंद्रांवर पुन्हा रांगा लागतात हे खरं आहे. पण ती माणसं सर्टिफिकेटसाठी आलेली असतात. पुढचा डोस सर्टिफिकेटला लागत नाही म्हटल्यावर ती परत येत नाहीत. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही असं स्पष्ट केलं. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते त्या वेळच्या धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजेत, असंही सांगितलं.

याउलट नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘हर घर दस्तक’ मोहिमेने एक साधी गोष्ट केली. माणूस केंद्रापर्यंत येत नसेल तर केंद्र माणसापर्यंत न्यायचं. पश्चिम पट्ट्यात याचा अर्थ होता संध्याकाळी, मजुरीहून परतणाऱ्या जीपची वाट पाहत वाडीत थांबणं. नाहीतर आठवडे बाजारात टेबल मांडणं. शंका विचारणाऱ्याला रागावण्याऐवजी त्याच्या ओट्यावर बसून उत्तर देणं. हे काम आशा, अंगणवाडी सेविका आणि आरोग्यसेविका यांनी केलं. आशांना पगार नसतो, मोबदला असतो, आणि तोही वेळेवर मिळावा म्हणून त्यांना संप करावा लागला आहे. लसीकरणाच्या यशाचं श्रेय वाटताना त्यांचं नाव पहिलं यायला हवं, आणि पुढच्या साथीची तयारी म्हणून त्यांना नियमित वेतन द्यायला हवं. याहून स्वस्त आणि याहून खात्रीची तयारी मला दुसरी दिसत नाही.

शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरणही इथे उपयोगी आहे. गावाने स्वतःची पथकं केली, घरोघरी तपासणी केली, बाधितांना वेगळं ठेवलं, आणि मे २०२१ च्या मध्यापर्यंत गाव करोनामुक्त झालं. तिथेही नियम होते आणि ते कडक होते. पण नियम करणारा माणूस शेजारच्याच आळीतला होता आणि तो स्वतःही ते पाळत होता.

करोनाची चर्चा आता मागे पडली आहे, पण त्या दोन वर्षांत मुलांच्या नेहमीच्या लशी पुष्कळ ठिकाणी चुकल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, शिवाय भिवंडी आणि मालेगावात गोवर उसळला आणि मुलं दगावली, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो. घरात लहान मूल असेल तर त्याचं माता-बाल संरक्षण कार्ड आजच उघडून पाहा, आणि एखादा रकाना रिकामा दिसला तर आपल्या आशाताईंना पुढच्या सत्राचा वार विचारून घ्या.